दम रक्ताचा की छातीचा?

‘डॉक्टर, मी ४७ वर्षांची, सिडकोत राहते. पाच वर्षांपासून संधिवात आहे, आरए फॅक्टर पॉझिटिव्ह. दर मंगळवारी मेथोट्रेक्सेटच्या सहा गोळ्या घेते. घरून डबे करते, बहुतेक अंबड एमआयडीसीतल्या मुलांचे. सकाळी बोटं वळत नाहीत, म्हणून पोळ्यांना बसायच्या आधी एक पेनकिलर घेते. पावसाळ्यात दोन होतात. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. हल्ली दुसऱ्या मजल्यावर टेकावंच लागतं. छाती धडधडते, श्वास पुरत नाही. हिमोग्लोबिन ८.६ आलंय. तीन महिने लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, त्याआधी ८.९ होतं! एमसीव्ही ७४, सीआरपी ३१, फेरिटिन ५८. फेरिटिनपुढे लॅबने नॉर्मल लिहिलंय. कोरोनात घेतलेलं बोटाचं मशीन ९८ दाखवतं, त्यामुळे हे म्हणतात तुला काही झालेलं नाही. सासूबाई रोज बीट खायला लावतात. शेजारीण म्हणते, एक बाटली चढवून घे आणि मोकळी हो. दोन महिन्यांपासून कोरडा खोकलाही आहे, पण समोरचा रस्ता खोदलाय, त्या धुळीचा असेल. संधिवात असला की रक्त कमी असायचंच, असं सगळे सांगतात. मग आता असंच राहायचं का? नवरात्रात सप्तशृंगी गडावर पायऱ्या चढून जायचा नेम आहे, नऊ दिवस उपवासही असतो. यंदा जमेल का?’
– एक वाचक, सिडको, नाशिक

ताई, तुम्ही जे विचारलंत त्याची उत्तरं देतेच. पण तुमच्या पत्रात दोन गोष्टी जाता जाता आल्या आहेत आणि मी अडकले ती तिथेच. एक, पोळ्यांच्या आधीची पेनकिलर. दुसरी, रस्त्याच्या धुळीवर ढकललेला खोकला. या दोन्हींबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही.

तुम्हाला सगळ्यांनी मिळून सांगितलंय ते असं: संधिवात आहे म्हणून रक्त कमी, रक्त कमी म्हणून दम. ऐकायला सरळ आहे आणि त्यात खोटं असंही काही नाही. अडचण अशी की एकदा हे पटलं की पुढे कोणी काही तपासत नाही. रक्त का कमी आहे हा एक प्रश्न झाला, दम का लागतो हा दुसरा. दोन्हींची उत्तरं एकच निघतील किंवा निघणारही नाहीत. पण चौकशी दोन्हींची वेगवेगळी व्हायला हवी. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा हे दोन प्रश्न कागदावर लिहून न्या. खुर्चीत बसलं की दुखण्याशिवाय दुसरं काही आठवत नाही, असा बहुतेक पेशंटचा अनुभव असतो.

आधी रक्ताचं बघू. संधिवातात शरीरात आतून सूज धुमसत असते. त्या सुजेत तयार होणारी रसायनं, त्यातही इंटरल्युकिन-६ नावाचं, लिव्हरला एक हार्मोन जास्त बनवायला लावतात. त्याचं नाव हेप्सिडिन. हे सापडलंच मुळी २००० सालाच्या सुमाराला, त्यामुळे जुन्या पुस्तकांत त्याचा पत्ता नाही. हेप्सिडिन वाढलं की आतड्यातून लोह आत यायचं कमी होतं आणि शरीरात साठलेलं लोह पेशींमधून बाहेर पडत नाही. चाळीत कांदा भरलेला आहे, पण चाळीला कुलूप आणि लासलगावच्या लिलावात मालच नाही, तशातली गत. हाडांच्या मगजात रक्त बनवायचं काम लोहाअभावी रखडतं. शिवाय सुजेमुळे लाल पेशी थोड्या लवकर मरतात आणि नव्या बनवण्याचा निरोपही क्षीण होतो. तीन महिने गोळ्या खाऊन हिमोग्लोबिन का हललं नाही याचं निम्मं उत्तर इथे आहे. गोळीत खोट नव्हती आणि तुमच्यातही नाही.

निम्मं म्हटलं, कारण तुमचे आकडे नुसत्या सुजेचे वाटत नाहीत. सुजेमुळे होणारा ॲनिमिया बहुतेक वेळा मध्यमच राहतो. हिमोग्लोबिन ९-१० च्या आसपास घुटमळतं, ८ च्या खाली सहसा जात नाही. लाल पेशींचा आकार, म्हणजे तो एमसीव्ही, बहुतेकदा नॉर्मल किंवा किंचित कमी असतो. तुमचा ७४ म्हणजे पेशी चांगल्याच लहान आहेत. त्यामुळे खरंखुरं लोह कमी पडलंय अशी शंका घ्यायला जागा आहे. आणि ते फेरिटिन ५८ ‘नॉर्मल’? लॅबने चूक केली नाही, लॅबपुढे फक्त आकडा होता. फेरिटिन लोहाचा साठा दाखवतं, पण अंगात सूज असली की ते आपोआप चढतं. निरोगी माणसात ३० च्या खाली गेलं की लोह कमी आहे असं बिनदिक्कत म्हणता येतं. सीआरपी म्हणजे अंगातली सूज दाखवणारा आकडा; तो तुमच्यासारखा ३१ असताना फेरिटिन १०० पर्यंत असलं तरी साठा रिकामा असू शकतो. म्हणून एकट्या फेरिटिनवर न थांबता सीरम आयर्न (रक्तातलं लोह), टीआयबीसी (लोह वाहायची रक्ताची एकूण क्षमता) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (त्यातली किती टक्के भरलेली आहे) एकत्र करून घ्या. लॅबमध्ये ‘आयर्न स्टडीज’ म्हटलं की कळतं. सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल तर मगजाला लोह पोचत नाहीये. टीआयबीसी वाढलेलं असेल तर कल खऱ्या कमतरतेकडे, घटलेलं असेल तर सुजेकडे. पुष्कळ जणींत दोन्ही एकत्र निघतं आणि माझा अंदाज तुमचंही तसंच निघेल असा आहे.

मग ते लोह गेलं कुठे? इथे पेनकिलर येते.

डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन या सगळ्या एका कुटुंबातल्या. जठराच्या अस्तराला सांभाळणारी जी रसायनं असतात ती या गोळ्या कमी करतात. ‘खाऊन घेतली की लागत नाही’ हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. खाल्ल्याने जळजळ कमी होते, अल्सरचा धोका जात नाही. कारण गोळी रक्तात गेल्यावरही तेच काम करते. म्हणून इंजेक्शन घेतलं तरी पोटाची सुटका होत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे या गोळ्यांचा अल्सर कित्येकदा दुखतच नाही. रोज चमचाभर रक्त आतल्या आत जात राहतं, महिने जातात आणि एके दिवशी जिना चढवत नाही. संधिवाताच्या दुखण्यावर अधूनमधून स्टिरॉइडही चालू असेल तर धोका आणखी वाढतो. ओळखीतल्या कुणी आणून दिलेली ‘सांधेदुखीची पुडी’ घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. अशा बेनामी पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं आढळतं, म्हणून तर दोन दिवसांत गुण येतो.

शौचाचा रंग बघायला सुरुवात करा. लोहाच्या गोळीने तो काळपट-हिरवट होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डांबरासारखा काळाकुट्ट, चिकट आणि घाण वासाचा असेल तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा. रंग ठीक असला तरी शौचातल्या लपलेल्या रक्ताची तपासणी आणि जरूर वाटल्यास दुर्बीण, यावर डॉक्टरांशी बोला. वयाच्या ४७ व्या वर्षी लोह कमी निघालं आणि कारण सापडलं नाही, तर दुर्बीण टाळू नये. पाळीबद्दल तुम्ही अवाक्षर लिहिलं नाहीत. या वयात अंगावरून जास्त जाणं इतकं सर्रास असतं की बायका ते सांगण्यासारखंच मानत नाहीत. दोन-दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल, गाठी पडत असतील, तर ते कारण आधी धरायचं.

बाकीच्या तपासण्या भराभर सांगते. बी-१२, कारण शाकाहारी घरांत ते पुष्कळदा कमी निघतं; मेथोट्रेक्सेटसोबत देतात ते फॉलिक ॲसिड चालू असताना ती कमतरता रक्तात झाकली जाते आणि हातापायाला मुंग्या मात्र येत राहतात. थायरॉइड. क्रिएटिनिन, कारण पेनकिलरने किडनी दमते आणि किडनी दमली की मेथोट्रेक्सेट अंगात साचतं. मेथोट्रेक्सेटमुळे मगजच मंदावला असेल तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्सही उतरलेल्या दिसतात, तेव्हा सीबीसीचा पूर्ण कागद बघा, एकटं हिमोग्लोबिन नको. संधिवात होण्याआधीचा एखादा जुना रिपोर्ट, अगदी बाळंतपणातला असला तरी, शोधून काढा. पेशी तेव्हाही लहान असतील तर थॅलेसेमिया मायनर, म्हणजे जन्मजातच लाल पेशी लहान असणं, असू शकतो आणि त्यात वर्षानुवर्षं लोह खाऊन उपयोग नसतो. माहेर सुरगाणा, पेठ, कळवण भागातलं असेल तर सिकल सेलचीही तपासणी एकदा होऊन जाऊ द्या.

लोहाची गोळी कशी घेत होतात ते लिहिलं नाहीत, पण डब्यांचं काम म्हणजे सकाळी चहा दोन-तीनदा होतच असणार. चहाबरोबर किंवा लगेच मागेपुढे घेतलेलं लोह बरंचसं वाया जातं. दुधाचं तेच, कॅल्शियमच्या गोळीचं तेच, ॲसिडिटीच्या गोळीचंही काही अंशी तेच. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या, चहाला तास-दोन तासांचं अंतर ठेवा, कॅल्शियम रात्री. आणि दिवसातून दोनदा घेण्यापेक्षा एकदा, किंवा एक दिवसाआड घेतलेलं बरं. एक गोळी पोटात गेली की हेप्सिडिन साधारण दिवसभर चढलेलं राहतं, त्यावर दुसरी टाकली तर ती आत जात नाही. बद्धकोष्ठ तेवढं वाढतं. एवढं करूनही हिमोग्लोबिन हललं नाही तर शिरेतून लोह देतात. तुमच्या बाबतीत मला तो मार्ग जास्त रास्त वाटतो, कारण आतड्याचं कुलूप तिथे आड येत नाही. सलाइनमधून, दवाखान्यातच आणि नंतर अर्धा तास तिथेच थांबून घ्यायचं, कारण क्वचित रिॲक्शन येते. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हा प्रकार पुन्हा पुन्हा घेतला तर काहींचं फॉस्फरस उतरतं आणि हाडं दुखायला लागतात. संधिवाताच्या बाईला वाटतं सांधेच बिघडले. तसं झालं तर फॉस्फेट तपासायला सांगा.

सासूबाईंचं बीट चालू राहू द्या, त्यांचा मान राहील. पण लाल रंगाचा आणि रक्ताचा संबंध नाही. बिटात लोह तसं बेताचंच. त्यापेक्षा अळिवाचे लाडू, खजूर, चवळी-मटकीसारखी कडधान्यं मोड आणून वर लिंबू पिळून, लोखंडी कढईतली आमटी. खात असाल तर मटण, कलेजी. हे सगळं चांगलंच, पण खाण्याने ८.६ चे १२ होणार नाहीत.

बाटली नको. रक्त चढवायचा विचार साधारण हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावर, हृदयाचा आजार असेल तर ८ च्या आसपास, किंवा रक्तस्राव चालू असेल तर करतात. एका बाटलीने हिमोग्लोबिन जेमतेम १ ने वाढतं आणि गळती चालू असेल तर महिन्यात होतं तसंच होतं. ‘मोकळी हो’ म्हणणाऱ्या शेजारणीला हे सांगा.

आता दमाकडे येते, आणि मिस्टरांना हा भाग वाचायला द्या.

बोटाचं मशीन ९८ दाखवतं ते खरं आहे, पण त्याचा अर्थ ते लावतात तो नाही. रक्तात जेवढं हिमोग्लोबिन आहे त्यातल्या किती टक्क्यांवर ऑक्सिजन बसलाय, एवढंच ते मशीन सांगतं. हिमोग्लोबिन किती आहे हे त्याला कळतच नाही. १३ असो की ८.६, आकडा ९८ येणार. तुमच्या रक्तात ऑक्सिजन वाहणारंच तिसरा हिस्सा कमी आहे, म्हणून जिना चढताना हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. ती धडधड तीच. ते सोंग नाही. त्याच मशीनवर दुसरा आकडा असतो नाडीचा, तो कोणी बघत नाही. आधी स्वस्थ बसून दोन्ही आकडे लिहा. मग जिन्यावर नको, सपाट ठिकाणी, इमारतीच्या आवारात किंवा गॅलरीत सहा मिनिटं आपल्या चालीने चाला, मिस्टर बरोबर असू द्या, आणि लगेच पुन्हा लिहा. मधे छातीत दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबायचं. बोटं गार असतील तर चोळून गरम करा, मेंदी-नेलपॉलिश नको, सुजलेल्या बोटाऐवजी बऱ्यातलं बोट घ्या. नाहीतर मशीन काहीही दाखवतं. नुसत्या ॲनिमियात चालल्यावर नाडी खूप चढते पण ऑक्सिजन सहसा जागेवर राहतो. तोच ऑक्सिजन ४ किंवा अधिक अंकांनी घसरला, किंवा ९४ च्या खाली गेला, तर दम फुफ्फुसातून येतोय असं धरून चालायचं.

आणि म्हणूनच मला तुमचा खोकला खटकला. दोन महिने कोरडा खोकला, सोबत चढताना दम आणि मागे पाच वर्षांचा रुमेटॉइड संधिवात. सिडकोतल्या धुळीबद्दल तुमच्याशी वाद घालणार नाही, पण हे तिघं एकत्र आले की फुफ्फुसं बघावीच लागतात. हा संधिवात फक्त सांध्यांत राहत नाही. काहींच्या फुफ्फुसाच्या जाळीत सूज येते आणि ती जाळी हळूहळू निबर होत जाते. त्याला आयएलडी म्हणतात. सुरुवातीला साधा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. डॉक्टरांनी पाठीला, खालच्या बाजूला स्टेथोस्कोप लावून खोल श्वास घ्यायला सांगितला की बारीक चरचर ऐकू येते. ती ऐकायला एक मिनिटही लागत नाही, पण शर्टावरून घाईत ऐकलं तर निसटते. शंका आली की छातीचा एचआरसीटी (बारकाईने दाखवणारा सीटी स्कॅन) आणि फुफ्फुसांची पीएफटी (यंत्रात फुंकून करायची क्षमतेची चाचणी) करतात. पीएफटीत डीएलसीओ नावाचा भाग असतो, फुफ्फुसातून रक्तात वायू किती सहज जातो ते तो मोजतो, तो मुद्दाम करून मागा. एक बारकावा असा की डीएलसीओ रक्त कमी असलं तरी कमी येतो. त्यामुळे ताजं हिमोग्लोबिन तिथल्या तंत्रज्ञाला सांगा, ते हिशेबात दुरुस्ती करतात. नाहीतर नसलेला फुफ्फुसाचा आजार कागदावर दिसायचा.

मेथोट्रेक्सेटनेही क्वचित फुफ्फुसांना सूज येते. ती बहुतेकदा औषध सुरू केल्यापासून पहिल्या वर्षात आणि झपाट्याने येते, ताप-खोकला-दम असं. तुम्ही ती पाचही वर्षं घेत असाल तर शक्यता कमी. तरीही ताप आला आणि दम काही दिवसांत वाढला, तर पुढच्या मंगळवारची गोळी न घेता आधी डॉक्टरांना फोन करा. एरवी मात्र ती गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि चुकूनसुद्धा रोज घ्यायची नाही. आठवड्याची गोळी रोज घेतली गेल्याने मगज बसून माणसं दगावलेली आहेत. स्ट्रिपवर पेनने ‘मंगळवार’ लिहून ठेवा.

खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला की आपल्या देशात थुंकीची टीबी तपासणी करायचीच, ती सरकारी दवाखान्यांत मोफत होते. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयातही. संधिवाताची औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, त्यामुळे तुम्हाला ती जास्तच गरजेची. हृदयासाठी ईसीजी आणि टूडी इको करून घ्या. झोपल्यावर दम वाढतो का, उशी एकाची दोन लागते का, पाऊल संध्याकाळी सुजतं का, हे डॉक्टर विचारतील, उत्तर तयार ठेवा. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल किंवा तुम्ही मशेरी लावत असाल तर तेही लपवू नका.

बसल्या जागी दम लागला, एक वाक्य पुरं बोलता येईना, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात, खोकल्यातून रक्त आलं, एकच पोटरी सुजून दुखायला लागली आणि पाठोपाठ अचानक धाप लागली, यातलं काहीही झालं तर लेखाचा विचार करत बसू नका. १०८ ला फोन.

संधिवाताबद्दल एक स्पष्ट सांगते. पाच वर्षांनंतर सीआरपी ३१ आणि रोज पेनकिलर, याचा अर्थ तुमचा संधिवात आटोक्यात नाही. पेनकिलर दुखणं झाकते, सुजेच्या मुळाशी जात नाही. आणि रक्ताचं कुलूप उघडायचं तर सूजच उतरायला हवी. सहा गोळ्या म्हणजे १५ मिलिग्रॅम. त्यापुढे जायला, गोळीऐवजी इंजेक्शन घ्यायला किंवा दुसरं औषध जोडायला जागा आहे. इंटरल्युकिन-६ ला रोखणारी टोसिलिझुमॅबसारखी इंजेक्शनं आहेत, त्यांनी सुजेसोबत हिमोग्लोबिनही सुधारतं. महाग आहेत आणि त्याआधी टीबी तपासावा लागतो. पण औषध बदलायच्या आधी फुफ्फुसांचा निकाल हातात हवा, कारण लेफ्लुनोमाइडसारखं औषध फुफ्फुसाच्या आजारात टाळतात. म्हणून म्हणते, एचआरसीटी आधी. रुमॅटॉलॉजिस्टला ‘सकाळी दुखतं’ एवढंच सांगू नका. उठल्यापासून लाटणं धरता येईपर्यंत किती वेळ जातो ते मिनिटांत सांगा. तोवर पोळ्यांपुरता आधार हवा असेल तर पॅरासिटामॉल पोटाला पुष्कळ सौम्य, किती घ्यायची ते विचारून घ्या, कारण मेथोट्रेक्सेटमुळे लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं. कणीक मळायचं यंत्र घ्या, किंवा काही दिवस पोळ्यांना बाई लावा. डबे थोडे कमी झाले तरी चालतील.

गडाचं काय? यंदा पायऱ्या नकोत. पाचशेच्या घरातल्या पायऱ्या ८.६ वर चढायच्या नाहीत, वाटेत थांबत थांबत सुद्धा नाही. २०१८ पासून गडावर फनिक्युलर ट्रॉली आहे, तिने जा, तेही शक्यतो गर्दी टाळून. नेमाबद्दल मन खात असेल तर तुमच्या भटजींना विचारा. माझ्या अनुभवात भटजी डॉक्टरांपेक्षा सवलत लवकर देतात. नऊ दिवसांचा उपवासही नको. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात लोह नाही की प्रथिनं नाहीत. वर रिकाम्या पोटी पेनकिलर आणि मधेच मंगळवार येऊन मेथोट्रेक्सेटची मळमळ. उठता-बसता करा. त्या दोन दिवशीही राजगिरा, शेंगदाणे, खजूर असं काही पोटात असू द्या आणि औषधांच्या वेळा मोडू नका.

तोवर जिन्याचं एवढं करा: खाली उतरायची कामं एका खेपेत बसवा, प्रत्येक मजल्यावर दम लागायच्या आधी थांबा, लागल्यावर नाही. पिशव्या मुलांना वर न्यायला सांगा. चालणं सोडू नका, सपाट रस्त्यावर, बोलता येईल इतक्याच वेगाने. फ्लू आणि न्यूमोनियाची लस घेतली नसेल तर विचारून घ्या.

लोहाचा नवा उपचार सुरू झाला की साधारण चार आठवड्यांनी सीबीसी करा. हिमोग्लोबिन निदान १ ने वर यायला हवं. आलं नाही तर एक तर गळती चालू आहे, नाहीतर सूज तशीच आहे. नुसत्या गोळ्या वाढवून घेऊ नका, कारण विचारा. आणि पुढे हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलं तरी दुसऱ्या मजल्यावर टेकावं लागत असेल, तर पहिला एचआरसीटी ठीक आला होता म्हणून गप्प बसू नका. फुफ्फुसं आणि हृदय पुन्हा तपासायला सांगा.